निळ्या टिपाडातली रताळी

मुक्काम अरुणाचलातला एक डोंगर (नाव लिहून उपयोग नाही, इथल्या माणसांशिवाय कुणाला उच्चारता येत नाही),
पाडवा होऊन चौथा दिवस.

तीर्थरूप वैजनाथमामांच्या पायांवर भाचा करण याचं डोकं आणि दोन्ही हात.

मामा, तुमची तब्येत ठणठणीत असेल, मामींची शुगर उतरली असेल, नेवाशाचं दुकान चालत असेल आणि प्रवरेला पाणी असेल, असं मी इथं बसून धरून चाललोय. माझं म्हणाल तर मी बरा आहे, माझी पोकलेन बरी आहे आणि समोरचा डोंगर रोज थोडा थोडा कमी होतोय. पाऊस आपल्याकडं वर्षभरात पडतो तेवढा इथं दुपारच्या जेवणापर्यंत पडतो आणि कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. जेवणात भात. न्याहारीलाही भात. भाकरीचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी येतं, पण ते पावसात दिसत नाही.

आता फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण तुमचाच फोन आहे मामा. तो कायम स्पीकरवर असतो. दिवाळीत मी तुम्हाला माझ्या मूळव्याधीचं विचारलं, तर युरियाला आलेल्या तिघा गिऱ्हाइकांनी मला औषधं सांगितली. (त्यातलं एक लागू पडलं. पांढऱ्या टोपीवाले कोण होते त्यांना नमस्कार सांगा.) पण आजची गोष्ट युरियाच्या रांगेनं ऐकण्यातली नाही. म्हणून पाकीट, वर डिंक, आणि डिंकावर चिकटपट्टी. दुकानात फोडू नका.

मुद्दा तुम्हाला ठाऊक आहे. स्नेहलचं स्थळ तुम्ही आणलंत. मुलगी आम्हाला पसंत, तिचे वडील आसारामभाऊ घर बघायला आले, त्यांनाही घर पसंत. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या आईनं, म्हणजे तुमच्या सख्ख्या बहिणीनं, त्यांना निरोप धाडला की तुमची सोन्यासारखी लेक आमच्या घरात देऊ नका. मुलीकडचे नकार देतात, मुलाकडचे नकार देतात, पण मुलाच्या आईनं मुलीच्या बापाला ‘जपा तुमच्या पोरीला’ असं सांगितलेलं आपल्या चार तालुक्यांत कुणी ऐकलं नसेल. आसारामभाऊ तुमच्या दुकानात येऊन बसले असतील आणि तुम्ही त्यांना चहावर चहा पाजत असाल. काय झालं ते फक्त तीन माणसांना ठाऊक आहे. एक मी. दुसरी आई, आणि तिला अर्धंच ठाऊक आहे. तिसऱ्याचं नाव पुढं येईल, तेव्हा तुम्ही खुर्चीला धरून बसा.

तर रताळी. आईनं यंदा अर्धा एकर रताळी लावली होती, महाशिवरात्रीचा बाजार धरायला. रताळ्याचं कसं असतं, शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ते देव असतं आणि दुसऱ्या दिवशी ढेकूळ. आमचा टेम्पो करंजीच्या घाटात पाटा तुटून बसला आणि बाजारात पोचला तो लोकांचे उपवास सुटल्यावर. निम्मी पोती तशीच परत आली. मी त्याच दिवशी सुट्टीवर घरी पोचलो. मग आम्ही रताळी उकडून खाल्ली, भाजून खाल्ली, किसून खाल्ली, गुळात घालून खाल्ली. आठव्या दिवशी आमच्या म्हशीनंही तोंड फिरवलं. आई रोज एकेक पोतं उघडायची, वरची दोन-चार रताळी दाबून बघायची आणि पुन्हा सुतळी बांधायची. मला ते बघवत नव्हतं.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला रिकामं बसवत नाही. (आठवीत शाळेची घंटा दुरुस्त करायला म्हणून झाडावर चढलो तो परत वर्गात उतरलोच नाही, हे तुम्ही सगळ्या पावण्यांना सांगता. खरं आहे. पण घंटा त्यानंतर वाजायला लागली, हे तुम्ही सांगत नाही.) तर मी इथं ज्या घरात भाड्यानं राहतो, तिथली मालकीण घरच्या घरी दारू काढते. इकडं ती रीतच आहे, घरोघर चालतं, आपल्याकडं लोणचं घालतात तसं. बहुतेक भाताची करते, पण थंडीत रताळ्याची. मामा, मी त्या दारूच्या थेंबालाही कधी तोंड लावलं नाही. कारण तुम्हाला सांगायला नको, अण्णा असताना, म्हणजे बाप पीत होता तोवर, आमच्या घरात काय काय झालं ते तुम्ही बघितलंय. पण ते काढण्याचं यंत्र! खाली जाळ, वर थंडगार पाणी, मधे वाफेला जायला जागा नाही म्हणून ती रडत रडत थेंब होते आणि नळीतून मोजून मापून खाली येते. इंजिन नाही, बेअरिंग नाही, डिझेल नाही. पंधरा टनाची पोकलेन चालवून आल्यावर मी तास तास त्या नळीपुढं उकिडवा बसायचो. मालकिणीला वाटलं, पोराला शिकायचंय. सुट्टीवर निघालो तेव्हा तिनं पानात बांधून खमिराच्या सहा पांढऱ्या वड्या दिल्या. माझ्या पिशवीत त्या वड्या आणि घरात सडायला लागलेली रताळी, एवढंच घडलं. विचार असा काही केला नाही.

अडचण एकच होती, आई. हिवरे बाजारला बचत गटाची सहल नेऊन आणल्यावर आमच्या वाडीत तिनं आडव्या बाटलीचं मतदान लावलं, चाळीस बायका उभ्या केल्या आणि दारूच्या दुकानाला कुलूप घातलं, हे पेपरात आलं होतं. कात्रण तुमच्या गल्ल्यामागं चिकटवलेलं आहे. अशा बाईच्या गोठ्यात ही भानगड करायची म्हणजे पोलिस चौकीत खिसा कापायचा. पण मला एक शक्कल सुचली. (वाईट शक्कल मला फार पटकन सुचते.) मी निळं टिपाड आणलं, उकडलेली रताळी कुस्करून त्यात घातली, वड्या चुरून टाकल्या आणि आईला सांगितलं, जीवामृत करतोय. सेंद्रिय शेतीसाठी, शेण, गोमूत्र, गूळ घालून. जीवामृताला बुडबुडे येतात, यालाही येतात. तेही काठीनं ढवळायचं, हेही ढवळायचं. वासाचं म्हणाल तर जीवामृताचा वास कुणी जवळ जाऊन घेत नाही.

आईनं विश्वास ठेवला. ही यातली वाईट गोष्ट आहे मामा. नुसता विश्वास नाही, ती खूश झाली. माझं पोरगं मातीकडं वळलं, असं तिनं गटातल्या बायकांना सांगितलं. रोज सकाळी मला टिपाड ढवळताना बघायची आणि माझ्या चहात जास्तीची साखर घालायची. त्या साखरेनं मला दोनदा खरं सांगावंसं वाटलं होतं. दोन्ही वेळा कुणीतरी आलं. (एकदा कुणी आलं नव्हतं, मीच उठून गेलो.)

आणि एकादशीला स्नेहलकडचे लोक घर बघायला आले. तुम्ही येणार होता, पण नेमका त्याच दिवशी तुमचा खताचा ट्रक आला. तुम्ही असता तर पुढचं काहीच झालं नसतं, पण त्याचा ठपका मी तुमच्यावर ठेवत नाही. आसारामभाऊ, त्यांचे दोन भाऊबंद आणि त्यांची आई, चांगुणाआजी. घर बघायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. नळ सोडून पाणी येतं का बघतात, संडासाचं दार लावून बघतात, गोठ्यात जाऊन म्हशीचे दात बघतात. मी घामाघूम. आणि आईनं अभिमानानं त्यांना सरळ टिपाडापाशी नेलं. म्हणाली, आमचा करण सेंद्रिय करतो. आसारामभाऊ प्रगतिशील शेतकरी, त्यांनी झाकण उचललं, आत बघितलं, मान हलवली आणि फेस छान आलाय म्हणाले. त्यांच्या मागून आजी पुढं आल्या. नऊवारी, कमरेला चंची, काठी. त्यांनी नाक पुढं केलं नाही. लांबूनच त्यांच्या नाकपुड्या एकदा हलल्या, बस. माझ्याकडं बघितलं. मग आसारामभाऊंना म्हणाल्या, “झाक ते. उगं हवा लागती.”

आणि लगेच, “मला न्हाई बाई आता चालवत. तुमी समदे हिर बघून या, माळावरची जमीनबी बघा, घाई करू नका. मी हितंच टेकते. हा पोरगा बसंल माझ्यापाशी.” आमची विहीर घरापासून पाऊण मैल, माळावरचा तुकडा त्याच्याही पलीकडं. ते लोक बांधाआड गेले आणि आजींनी काठी भिंतीला लावून ठेवली. पुन्हा हातात धरली नाही.

“कशाचा हाय सडवा?”

म्हटलं, कसला सडवा आजी, हे जीवामृत.

“बावीस सीजन ऊस तोडलाय म्या. फडातल्या कोपीवर थंडीनं पोरं निळी पडायची तवा त्यास्नी चोळायची दारू कोन गाळत हुतं? तुझं जीवामृत? कशाचा हाय?”

रताळ्याचा, म्हटलं.

आजी टिपाडाजवळ सरकल्या. मग इतक्या हळू, जणू देवळात बोलतायत, म्हणाल्या, “रताळ्याची मी कदी बघितली न्हाई रं.”

मामा, त्यानंतरच्या तासाभरात मी जे बघितलं ते मला लिहिता येत नाही, पण प्रयत्न करतो. मी आदल्या दिवशी कुकरला फिल्टरची नळी जोडून एक यंत्र केलं होतं. ते बघून आजी बाजेवर बसून पोट धरून हसल्या. “ह्याच्यात वाफ येती का पिपाणी वाजती?” मग उठल्या. गोठ्यातला जुना हंडा, परात, एक डेचकी, ओलं फडकं आणि मूठभर माती, एवढ्यावर त्यांनी चूल मांडली. एकही वस्तू दोनदा हातात घेतली नाही. वाफ कुठून निसटते ते त्या डोळ्यांनी बघत नव्हत्या, हाताच्या पाठीनं बघत होत्या, जसं आपण पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघतो. मला इंजिनियर लोकांनी खूप काही शिकवलंय, पण अडीच कोटींच्या यंत्राजवळ उभं राहून त्यांच्यापैकी एकाचाही हात असा चालताना मी पाहिला नाही. आणि हात चालत असताना तोंडानं माझी मुलाखत चालली होती. कितवी झाली? म्हटलं आठवी, म्हणजे सातवी पक्की. किती जागी काम धरलं? म्हटलं सात. किती जागी हाकललं? म्हटलं एकाही नाही, मीच निघालो. “म्हंजी माझ्या नातीलाबी सोडून निघशील?” मी फुंकणी जोरात फुंकली. त्यावर लगेच, “जाळ कमी कर! बायकूपुढंबी असाच भडकनार का?” मी जाळ कमी केला. पहिली धार त्यांनी मातीत सोडली. ही भुईची, म्हणाल्या. मग थेंब पडायला लागले, एकसारखे, स्वच्छ, आणि रताळं भाजल्यासारखा गोड वास सुटला. आजींनी करंगळीवर एक थेंब घेतला.

म्हटलं, आजी, आज एकादशी.

“रताळंच की,” त्या म्हणाल्या. “उपासाला चालतं.” आणि करंगळी तोंडात घातली.

(मामा, ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. त्या खमिराच्या वड्या तांदळाच्या पिठाच्या असतात. ते पाप माझ्या डोक्यावर. मामींना विचारून यावर काही उतारा असेल तर कळवा, नाव न सांगता.)

त्यांनी डोळे मिटले. मग अर्धी वाटी माझ्यापुढं धरली. मी नको म्हटलं. म्हणाल्या, लाजतोस काय, सासरचं हाय. मी म्हटलं, लाजत नाही आजी, आमच्या अण्णांनी माझ्या वाटची सगळी पिऊन ठेवलीय. या बोलण्यावर इथले लोक हसतात. आजी हसल्या नाहीत. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, खरं घर बघणं आत्ता झालं.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. खिचडी गरम करायला आई इतरांच्या पुढं निघून आली होती. मी दाराकडं बघितलं, मग मदतीसाठी आजींकडं बघितलं, आणि आजी बाजेवर आडव्या, पदर तोंडावर, घोरत होत्या. मामा, एवढ्या वेळात मला शिंक आली नसती. घोरणं पण कसं, मधे मधे थांबून, खऱ्या झोपेसारखं. मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, मला दाद द्यावीशी वाटली.

आईनं दारातून सगळं बघितलं. चूल, हंडा, वाटी, आणि वाटीपुढं तिचा मुलगा. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहीत नाही. मागून आसारामभाऊंच्या चपला ऐकू आल्या. आईनं परात उचलून हंड्यावर उपडी घातली, चुलीवर पाणी मारलं आणि दाराबाहेर उभी राहिली. आजी जाग्या झाल्या. “कसला गं वास येतोय?” असं विचारायची त्यांना काय गरज होती! आणि माझी आई, जिनं चाळीस बायकांपुढं शपथ घेतलीय, हसून म्हणाली, “जीवामृताचा हाय. चला, खिचडी निवतीय.”

पावणे गेल्यावर तिनं टिपाड बांधावर उपडं केलं. मला एकच वाक्य म्हणाली, “माझं झालं ते झालं, दुसऱ्याच्या लेकीचं म्या हुऊ देनार न्हाई.” त्यानंतर आजवर एक शब्द नाही. तिला वाटतं, अण्णांचं रक्त निघालं. मी तेव्हाच आजींचं नाव घेतलं असतं तर सुटलो असतो. घेतलं नाही. सोयरीक जुळायच्या आधीच मुलीच्या आजीला भट्टीवर कसं बसवायचं? तिकडं आजींनी गाडीत बसतानाच निकाल दिला म्हणे, पोरगं तोंडाचं घट्ट हाय. हे मला स्नेहलनं मेसेजवर कळवलं. ती पुढं लिहिते, तुम्ही आजीला काय सांगितलंत, तुमचं नाव काढलं की ती एकटीच हसते. तिला काय सांगू? मी नुसता नमस्काराचा हात पाठवला. पण मामा, रोज कामावरून आलो की आधी फोन बघतो. आयुष्यात पहिल्यांदा मला एका जागी बसावंसं वाटतंय, आणि ती जागा कुठं आहे तेही ठाऊक आहे.

म्हणून तुम्ही एकदा वाडीला जा. आईचा जगात तुमच्या एकट्याच्या शब्दावर विश्वास आहे. तिला सांगा, करण पीत नाही. कसं पटवायचं ते तुम्हीच जाणता. तुमच्यासारखा निर्व्यसनी, सरळ, सुपारीचंही खांड न चघळणारा मामा मला लाभला, हे मी इथं सगळ्यांना सांगतो. इथली सगळी माणसं तुम्हाला ओळखतात.

मामींच्या पाया पडतो. लहानांना माझी आठवण द्या. इथून जितका लवून करता येतो तितका नमस्कार.

तुमचाच भाचा,
करण

ता. क. – चांगुणाआजींचं नाव आईपुढं निघता कामा नये. आसारामभाऊंपुढं तर नाहीच. त्यांना आजही वाटतं की त्यांच्या आईला बाम लावला तरी वास सहन होत नाही.

ता. क. २ – मामा, वरचं पत्र कालपर्यंतचं आहे. आज सकाळी पाकिटाला डिंक लावणार तोच आईचा फोन आला, तीन आठवड्यांत पहिला. रामराम नाही, जेवलास का नाही. एकच विचारलं, “कुनासाठी काढत हुतास ते सांग.” कुणासाठीच नाही, नुसतं थेंब बघायला, असं म्हटलं असतं तर तिनं फोन आपटला असता. तिच्या जागी मीही आपटला असता. माझ्यापुढं दोनच नावं होती. आजींचं घेतलं तर लग्न मोडणार. तुमचं घेतलं तर तुमचं-माझं नातं काही मोडणार नाही, तुमचं मन मोठं आहे. तेव्हा मी तिला सांगितलं की मामांनी मागवली होती, गुपचूप, बऱ्याच वर्षांची सवय आहे, मामींनाही माहीत नाही. खरी विनंती ही आहे की तुम्ही हो म्हणा.

ता. क. ३ – आईनं आधी ‘वैजू?’ असं दोनदा विचारलं. मग म्हणाली, “म्हंजी तू पीत न्हाईस?” मी म्हटलं, तुझी शपथ, नाही. मग तिचा आवाज वेगळाच झाला, लहानपणी ताप उतरल्यावर व्हायचा तसा. म्हणाली, आसारामभाऊंना आजच होकार कळवते, वैशाखातली तारीख धरू. आणि वैजूचं मी बघते. ती गुरुवारी पहिल्या यष्टीनं नेवाशाला निघतेय, सोबत गटातल्या पाच-सहा जणी आहेत. पत्र मी स्पीडपोस्टनं टाकतोय. बुधवारपर्यंत पोचलं तर तुम्हाला तयारीला एक रात्र मिळेल. नाही पोचलं, तर हे सगळं तुम्हाला आता कळलेलंच आहे.